दोन ते तीन कुणीही दिसायचं नाही

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. गेली अठरा वर्षं मी अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत मागची चित्रं रंगवते. त्यातली शेवटची तीन वर्षं भयमालिकांत गेली, तरी आमच्या मालिकेचा एकही भाग मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही. शेवटची पाच मिनिटं आली की मला हमखास तहान लागते.

मागची चित्रं म्हणजे काय, तेही सांगते. पडद्यावर एखादी मुलगी गल्लीतून जीव घेऊन पळत असते, तेव्हा मुलगी दुसऱ्यांनी काढलेली असते आणि गल्ली मी. माणसं वरच्या मजल्यावर काढतात. आमच्या मजल्यावर फक्त जागा असतात: भिंती, जिने, खिडक्या, विजेच्या तारा, आभाळ. आमच्या चित्रात माणूस काढायचा नाही, हा नियमच आहे, आणि कुणी हौसेनं काढलाच तर वरची मंडळी तावातावानं भांडायला खाली येतात. त्यामुळे अठरा वर्षांत मी हजारो खोल्या रंगवल्या आणि सगळ्या रिकाम्या. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. माणसं येतील त्यांच्या वेळेला, एवढाच माझा हिशेब.

आमचा दिग्दर्शक एकोणतीस वर्षांचा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खिशात कायम बिस्किटांचा पुडा, आणि लहानपणापासून जपानी भय-अ‍ॅनिमे पाहून पाहून पिकलेलं डोकं. आमची पहिली मालिका सपाटून आपटली होती. तिच्यात मी पडके महाल, धुकं, वटवाघळं असं सगळं जीव तोडून रंगवलं होतं. प्रेक्षकांनी कळवलं की वटवाघळं फार गोड आहेत. त्यानंतर दिग्दर्शकानं आम्हा सगळ्यांना एका खोलीत कोंडलं आणि दोन तास शिकवणी घेतली.

त्याचं म्हणणं असं की भीती अंधारात राहत नाही. चांगल्या भय-अ‍ॅनिमेतली भीती लहानशा गावात राहते आणि तीही दुपारी दोन वाजता. त्यानं आम्हाला एकामागून एक चित्रं दाखवली. एकच सिग्नल, रस्त्यावर गाडी नाही, तरी तो आपला लाल-हिरवा होतोय. दुकान उघडं आहे, दुकानदार नाही. गावात नवीन आलेल्या माणसाला सगळे नावानं ओळखतात, त्याला मात्र कुणाचंच नाव ठाऊक नाही. भूत कुठेच नाही, सगळं जिथल्या तिथे आहे, आणि तरीही पाहणारा पाठीमागे वळून बघतो, कारण एवढ्या ओळखीच्या जागेत काहीतरी एक चुकलेलं आहे आणि ते काय हे सांगता येत नाही.

"शहरात माणूस हरवला तर कुणाला पत्ता लागत नाही," तो म्हणाला. "लहान गावात हरवला तर सगळ्यांना माहीत असतं. फक्त कुणी बोलत नाही."

मग त्यानं विचारलं, असं गाव कुणाला ठाऊक आहे का? मी हात वर केला. धडधडीत खोटं होतं ते. माझं गाव जगातलं सगळ्यात कमी भीतिदायक गाव आहे. तिथे कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी शेपूट हलवतात.

खोटं बोलले त्याला कारण होतं. स्टुडिओच्या मालकीणबाईंनी जाहीर केलं होतं की नव्या मालिकेसाठी ज्याचं गाव पसंत पडेल, त्या चित्रकारानं दहा महिने तिथेच जाऊन राहायचं आणि तिथला उजेड डोळ्यांनी पाहून रंगवायचा. आणि माझ्या गावात माझे बाबा होते, एकटे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा चौऱ्याहत्तरचे, निवृत्त पोस्टमन. दर रविवारी माझा फोन जायचा आणि ते दर रविवारी सगळं झकास आहे म्हणून सांगायचे. पण बोलणं संपलं तरी फोन ठेवायचे नाहीत. थोडा वेळ नुसते थांबायचे. मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. 'ये' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि शहरात माझ्याकडे या म्हटलं की त्यांना हवा मानवत नसे. मालकीणबाई एरवी आम्हाला चार दिवसांच्या वर सोडायच्या नाहीत. म्हणजे दहा महिने बाबांजवळ राहायचं तर एकच वाट होती, माझं गाव भीतिदायक ठरायला हवं होतं. नाही ठरलं तर शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराचं समुद्रकाठचं गाव तयारच होतं.

पाहणीचे तीन दिवस ठरले. मी बाबांना फोन करून सांगितलं की आमचा दिग्दर्शक गाव पाहायला येतोय, त्याच्या पसंतीला उतरलं तर गाव पडद्यावर येईल. कशासाठी येईल ते मात्र मी गाळलं. उभा जन्म ज्यांनी त्या गल्ल्यांमधून पत्रं वाटली, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की तुमचं गाव मी भीती दाखवायला घेऊन चालले आहे? ती एक गोष्ट मी सांगितली नाही आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

प्रवासभर मी दिग्दर्शकाच्या कानात गाव भरत होते. चौकातलं घड्याळ अकरा वर्षं चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेलं आहे म्हटलं. सिनेमागृहाला कुलूप लागलंय, दारावरची अक्षरं गंजली आहेत, बागेतला झोपाळा वारा नसतानाही कुरकुरतो. तो वहीत लिहून घेत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, थोडी तकाकी आली होती.

बस चौकात थांबली तेव्हा घड्याळात बरोबर अकरा वाजले होते आणि ते अकरा टोले देत होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. घड्याळ दुरुस्त झालं होतं. सिनेमागृहाच्या दाराला निळा रंग लागला होता आणि पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या होत्या. झोपाळ्याला तेल घातलं होतं. न्हाव्यानं दुकान आतून बाहेरून पिवळंधमक करून घेतलं होतं आणि तो दारात स्वच्छ डगल्यात उभा होता. बेकरीवाल्या मावशी गरम पाव घेऊन पुढे आल्या. आणि या सगळ्यांच्या मधोमध, ठेवणीतला कोट घालून, माझे बाबा. गाव पडद्यावर येणार म्हटल्यावर सगळ्यांनी आठवडाभर कंबर कसली होती. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर कुणीही करेल तेच त्यांनी केलं होतं.

दिग्दर्शकानं एक चक्कर मारली. तीस जणांनी त्याला नमस्कार केला, अकरा जणांनी चहाला बोलावलं. परत आला तेव्हा त्याच्या हातात पाव होता आणि तोंड पडलेलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "हे गाव आनंदी आहे हो." डॉक्टरनं रोगाचं नाव सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरं काय ते न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याला सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही. आम्हाला भीतिदायक गाव हवंय, हे ऐकून मंडळी तासभर हिरमुसली आणि मग दुप्पट उत्साहानं मदतीला धावली. आदल्या दिवशीचं परवडलं असं म्हणायची पाळी माझ्यावर आली. ग्रंथपालबाई गावातल्या भुतांची यादी घेऊन आल्या. यादीत एकच भूत होतं, आणि तेही त्यांच्या मामेबहिणीच्या गावचं. बेकरीवाल्या मावशींनी चेहऱ्याला पीठ फासलं. न्हावी वस्तरा घेऊन खिडकीत उभा राहिला, पण त्याचं तोंडच इतकं हसरं की पाहणाऱ्याला दाढी करून घ्यावीशी वाटावी. दिग्दर्शक सगळ्यांचे आभार मानत फिरत होता. त्यात त्याची दाढ ठणकायला लागली होती. औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन आला आणि मला म्हणाला, उद्या साडेचारची बस पकडू. समुद्रकाठचं गाव पाहून घेऊ.

घरी गेले ती तणतणतच. बाबा खिडकीशी बसून पेपर वाचत होते. राग खरं तर माझा माझ्यावर होता, पण तो काढायला माणूस तेच मिळाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं घड्याळ दुरुस्त करायला?"

बाबांनी चष्मा काढला, पेपरावर ठेवला. "तू येणार होतीस म्हणून," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. मालकीणबाईंची अट, समुद्रकाठचं गाव, मी हात का वर केला ते. गाव घाबरवणारं निघालं असतं तर मला इथे राहता आलं असतं, हेही. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "दहा महिने?" मी हो म्हटलं. त्यांनी दिग्दर्शकाला नक्की काय हवंय ते विचारलं. मी म्हटलं, काही नको त्याला, नुसतं गाव हवंय. रस्त्यात माणूस नसलेलं गाव, तासभर. पण या गावात ते कसं जमणार, इथे तर कुणाला पाच मिनिटं घरात बसवत नाही.

बाबा उठले, बूट घातले, सवयीनं खुंटीवरची जुनी पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत ते दारोदार हिंडत होते. बत्तीस वर्षं ज्या घरांत पत्रं पोचवली त्या प्रत्येक घरात त्यांनी तोंडी निरोप पोचवला: उद्या दोन ते तीन कुणीही दिसायचं नाही. आवाज नाही, खोकणं नाही. शाळेची घंटा तीनला होईल, तोवर नाही म्हणजे नाही. आणि हा निरोप लेकीसाठी आहे, हे त्यांनी कुणाला सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. बहुतेक सांगावं लागलं नसेल.

तिसऱ्या दिवशी दोन वाजता मी आणि दिग्दर्शक चौकात उभे राहिलो. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि चेहऱ्यावर तोंडदेखला उत्साह. माझ्या समाधानासाठी एक चक्कर मारायची आणि बस गाठायची, एवढाच त्याचा बेत.

आता गंमत पाहा. बाबांनी लोकांना दोन वाजता दिसेनासं व्हायला सांगितलं होतं. त्याआधी आवरून घ्या असं सांगितलं नव्हतं, आणि या लोकांना सांगितलेलं काम अक्षरशः करायची खोड आहे. त्यामुळे दोनला एक मिनिट कमी असेपर्यंत सगळे आपापल्या कामात होते आणि दोन वाजता हातातलं काम आहे तिथे टाकून आत गेले होते.

न्हाव्याच्या दुकानात पंखा फिरत होता. खुर्चीच्या हातावर टॉवेल, वाटीत फेस, फेसाचे बुडबुडे अजून फुटत होते. खुर्चीपासून मागच्या दारापर्यंत जमिनीवर फेसाचे ठिपके गेले होते. बेकरीच्या फळीवर अर्धा कापलेला पाव आणि त्यात रुतलेली सुरी. बाकावर विणकाम ठेवलेलं, सुयांसकट, आणि लोकरीचा गुंडा घरंगळत रस्त्यापलीकडे गेलेला. कुठेतरी रेडिओ चालू होता. कुणीतरी हवामानाचा अंदाज सांगत होतं. बागेतला झोपाळा हलत होता, आता त्याला तेल घातलेलं असल्यामुळे अगदी बिनआवाज.

सुरुवातीला मला हसू येत होतं. कोणत्या दारामागे कोण आहे ते मला पाठ होतं. पण दोन गल्ल्या ओलांडल्या आणि हसू आपोआप विरलं. लखलखीत ऊन होतं, ताजा रंग दिलेल्या भिंती होत्या, कुंड्यांत फुलं होती, आणि माणूस नव्हता. परवाचा सगळा रंगरंगोटीचा खर्चिक आनंद आज कुणासाठी केलाय तेच कळत नव्हतं. इतकं नीटनेटकं गाव आणि गावात राहणारं कुणी नाही.

दिग्दर्शकाची चाल मंदावली होती. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, काढला.

"ताई, खिडक्यांकडे पाहा. पण मान वळवू नका," तो हळू आवाजात म्हणाला.

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. प्रत्येक खिडकीचा पडदा बोटभर सरकलेला होता. आम्ही पुढे गेलो की मागचा पडदा मिटायचा आणि पुढचा उघडायचा. सगळं गाव आम्हाला पाहत होतं आणि कुणी ब्र काढत नव्हतं. एरवी या गल्लीतून दहा पावलं जायला अर्धा तास लागतो, कारण प्रत्येकाला काहीतरी विचारायचं असतं. बाबांना दिलेला शब्द सगळ्यांनी असा काही पाळला होता की माझ्या अंगावर काटा आला.

आम्ही ग्रंथालयाच्या भिंतीशी पोचलो, तेव्हा वरून कुठूनतरी अगदी कुजबुजता, अगदी मायेचा आवाज आला.

"साहेब, बुटाची नाडी सुटलीय."

दिग्दर्शक जागच्या जागी थिजला. त्यानं खाली पाहिलं. नाडी सुटली होती. वर पाहिलं, तर सगळ्या खिडक्या बंद आणि सगळे पडदे स्थिर. मला आवाज कळला होता, ग्रंथपालबाई होत्या त्या. कुणी अडखळून पडेल हे त्यांना बघवलं नसणार. पण मी काही बोलायच्या आत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं दुसरा आवाज आला, तितकाच हळू.

"आणि उजव्या बाजूनं चावू नका हो आज."

दाढेचं त्यानं मलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. गोळी घेतली होती औषधाच्या दुकानात, दुकानदाराची बहीण बेकरीत, बेकरीतून गावभर, एवढा तो साधा प्रवास. दिग्दर्शकाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचा हात गालावर गेला. तोंडावरचा रंग पार उतरला होता आणि दुसऱ्या हातानं त्यानं माझी बाही घट्ट पकडली होती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

मग त्याचे डोळे चमकायला लागले. भीती पोटात आणि आनंद तोंडावर, असं दोन्ही एकाच वेळी असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हेच," तो म्हणाला. "ताई, हेच गाव. एक कुंडीसुद्धा हलवायची नाही. तुम्ही इथे राहून रंगवा, मी मालकीणबाईंशी बोलतो." आणि बाही सोडून, नाडी तशीच ठेवून, तो फोटो काढत सुटला.

दहा महिने. मी वळले आणि घराकडे जवळजवळ पळतच निघाले. बाबांना सांगायचं होतं, आत्ताच्या आत्ता. गल्ली वळले, पडदे उघडमीट करत राहिले, मला त्यांचं काही वाटेना. तीनला वीस मिनिटं कमी होती.

घराचं दार उघडं होतं. मी आत शिरून हाक मारली. "बाबा, जमलं."

कुणी ओ दिली नाही.

टेबलावर चहाचा कप होता, अर्धा, वर साय धरलेला. पेपर उघडा, त्यावर चष्मा. खुर्ची थोडी तिरकी, उठताना सरकवल्यासारखी. उशीवर पाठ टेकल्याचा खळगा. खिडकीतून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. मी पुन्हा हाक मारली. स्वयंपाकघरात पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं. दोरीवर त्यांचा सदरा वाळत होता.

ते लपलेत हे मला माहीत होतं. त्यांनीच गावाला सांगितलं होतं, तेव्हा ते स्वतः आधी पाळणार. हे सगळं मला लख्ख कळत होतं आणि तरीही मी परत खोलीत येऊन कप चाचपून पाहिला, अजून कोमट होता. अशी खोली मी हजार वेळा रंगवली होती. अर्धा कप, तिरकी खुर्ची, उन्हाचा चौकोन, माणूस नाही. अठरा वर्षं मी असल्या चित्रांवर सही करून घरी जात होते, कारण माणसं काढणारे वर बसलेले होते आणि माणूस नंतर येणारच होता. ही खोली तशीच होती, आणि हिच्यात कुणी येईल अशी हमी देणारा वरचा मजला नव्हता. एक दिवस मी अशीच येईन, हाक मारीन, आणि चहा थंड झालेला असेल. हे दोन वर्षं मी मनाला शिवू दिलं नव्हतं. दर रविवारी फोन ठेवला की मला तहान लागायची, ती यासाठीच.

जिन्याखाली अडगळीची लहानशी खोली आहे. तिच्या दारापाशी गेले. कडी बाहेरून लावलेली नव्हती. हात कडीपर्यंत नेला आणि तिथेच राहिला. दार ओढलं आणि आत कुणी नसलं तर? आणि असले, पण ओ देत नसले तर? पडद्यावरच्या गोष्टीत अशा दारासमोर उभी राहिलेली मुलगी पाहून मी दर वेळी चिडते, उघड की बाई एकदाचं, म्हणते. मला ते उघडता आलं नाही. मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसले आणि रडले, आवाज न करता, कारण तीन वाजले नव्हते.

शाळेची घंटा झाली. बाहेर एकदम सगळी दारं उघडली, पावलं, हाका, हसणं, जमलं का, जमलं का, असा गलका उठला. कुणीतरी न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवरून छेडत होतं. आणि माझ्या पाठीला दाराचा धक्का लागला.

मी बाजूला सरले. आत जुन्या गोणपाटावर, गुडघे पोटाशी घेऊन, बाबा बसले होते. केसांना जळमट लागलेलं. तासभर त्या अंधारात श्वास धरून बसलेला माणूस, पण चेहरा असा की जणू मोठी कामगिरी फत्ते करून आलेत.

"घाबरला का तो?" त्यांनी विचारलं.

"घाबरला. गाव पसंत केलं त्यानं." मी डोळे पुसले. "पण त्याचं सोडा, बाबा. मी घाबरले. मी हाका मारत होते आणि तुम्ही ओ देत नव्हता."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या हाका त्यांनी आतून ऐकल्या होत्या, पहिल्यापासून सगळ्या.

"मलाही रोज भीती वाटते," ते म्हणाले. "दुपारी फार. तू हाक मारलीस तेव्हा तोंडावर हात धरून बसलो होतो."

मी त्यांच्या केसांतलं जळमट काढलं.

"मग राहा की," बाबा म्हणाले. "दहा महिन्यांचं काय घेऊन बसलीस, राहा इथेच." दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी हो म्हटलं, मालकीणबाई काय म्हणतील याचा विचारही न करता. मग त्यांनी हात पुढे केला आणि सांगितलं, गुडघा धरलाय, जरा उठव मला.